बुटकी गाडी आणि माहेरची मंडई

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. मी ठेंगणी नाही; ती गाडी उंच होती. या विषयावर आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले असून दुसऱ्या पक्षाचे पुढारीपण माझ्याच सुनेकडे, साधनेकडे आहे, म्हणून हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. माझ्या लग्नात मी पाटावर उभी राहिले तेव्हा माझे कपाळ नवऱ्याच्या खांद्याला लागत होते, आणि ते स्वतः ताडमाड होते. यावरून सुज्ञांनी हिशेब करावा.

माझे सासर पवनीचे, मागावर जगलेले घर. माहेर आंबाबोडीचे. जुनी आंबाबोडी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली आणि नवी आंबाबोडी माळावर वसली. तिथे गल्ल्या फुटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत आणि घरांना ओटे नाहीत. ओटा नसलेल्या घराला घर कसे म्हणावे हा वेगळा विषय आहे. पण पुढे त्या नसलेल्या ओट्यानेच माझा घात केला, म्हणून आताच सांगितले.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस निराळा. दुकाने लागतात, नाचगाण्यांची दंडार होते, रात्री नाटक होते आणि गावच्या लेकी माहेरी येतात. आमच्या घराण्याचा नियम असा की लेकीला मंडईला आणायला भाऊ जातो. निरोप चालत नाही, भाचा चालत नाही, बस तर मुळीच चालत नाही. माझा धाकटा भाऊ ताराचंद आधी बैलांची दमणी जुंपून यायचा, मग सायकल आली, मग एक जुनी मोटारसायकल आली, जी त्याच्याइतकीच खोकायची. गावाने जागा बदलली, पण ताराचंद चुकला नाही.

यंदा त्याच्या मुलाने, कुंदनने, ती खोकणारी गाडी विकून टाकली आणि नवी आणली. ती आणली वडिलांच्या नावाने आणि फिरवतो तो स्वतः. मंडईच्या आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला. बोलणे अतिशय नम्र होते, म्हणूनच मी सावध झाले. बाबांचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, चष्म्याचा नंबर वाढला आहे, पुढल्या वर्षीपासून मीच कार घेऊन येत जाईन, असे तो म्हणाला. यंदा बाबा ऐकत नाहीत म्हणून गाडीची चाबी दिली आहे.

“आत्याबाई, तुमाले गाडीवर बसता नाही आलं तर फक्त फोन करा जी. मी कार घेऊन निघतोच.”

‘बसता नाही आलं तर’ यातले मर्म मला तत्काळ कळले. मी एकदा, केवळ एकदाच, त्या कारमध्ये बसले की नियम मोडला. मग ताराचंद माझ्या दारात मला न्यायला पुन्हा कधी येणार नाही. तो अंगणात खुर्चीवर बसून राहील आणि कुंदन मला पार्सलासारखी आणून पोचवील. माझ्या भावाला हे माझ्याही आधी कळले असावे, कारण दुसऱ्या दिवशी तो उन्हे वर यायच्या आधीच दारात हजर होता. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, टोपीवर हेल्मेट.

आणि गाडी. त्या गाडीची मागची बैठक विंचवाच्या नांगीसारखी वर उचललेली होती. पुढे बसणारा माणूस जमिनीवरचा वाटावा आणि मागे बसणारा माडीवरचा. ज्याने ती बैठक घडवली त्याला बहीण नसावी.

“बस बाई,” ताराचंद म्हणाला, “मी पकडून राहतो.”

मी डाव्या हाताने त्याचा खांदा धरला, उजव्या हाताने निऱ्या सावरल्या आणि एक पाय पायदानावर ठेवला. आजन्म मी एका अंगाला पाय सोडून बसत आले आहे आणि अशीच बसणार. पाय वर गेला, मी गेले नाही. गाडी माझ्याकडे कलली, ताराचंद तिच्याबरोबर कलला आणि आम्ही तिघे काही काळ एकमेकांच्या आधाराने उभे राहिलो. मग मी पाय खाली घेतला आणि जणू काही विसरले आहे अशा मुद्रेने घरात गेले.

बाहेर आले तोवर गल्ली जमली होती. शेजारची धुरपता एक स्टूल घेऊन आली होती. तिचे म्हणणे, स्टुलावरून चढावे आणि स्टूल मांडीवर घेऊन जावे, म्हणजे तिकडे उतरायला कामी येईल. खेमराज गुरुजी, जे निवृत्त झाल्यापासून संपूर्ण गल्लीला आपला वर्ग समजतात, त्यांनी दोन्हीकडे पाय टाकून बसण्याचा सल्ला दिला आणि हल्ली सगळ्याच बसतात, असे उदाहरण दिले. साधनेने केवळ हातातला फोन या हातातून त्या हातात घेतला. तो फोन कुंदनला जायला तयार बसला होता, हे मला दिसत होते.

तेव्हा मी ओट्यावर चढले, गाडी ओट्याला लावायला सांगितली आणि राजमार्गाने बैठकीवर स्थानापन्न झाले. कोणाच्याही मदतीवाचून. ताराचंदचा चेहरा उजळला आणि तो गाडीला किक मारणार, एवढ्यात धुरपता म्हणाली, “बसली तं खरी वो. पण तिकडे उतरशीन कशी?”

मला नव्या आंबाबोडीची सरळ, सपाट, ओटेविरहित गल्ली डोळ्यांपुढे दिसली. मंडईची गर्दी. भज्यांच्या दुकानापासून दंडारीच्या मांडवापर्यंत सगळे ओळखीचे. आणि त्यांच्या देखत दोन बाप्ये मला काखेत हात घालून, धानाचा कट्टा बैलगाडीतून उतरवावा तशी उतरवताहेत. मी ताराचंदला थांबवले.

“गाडी खाली करा,” मी आज्ञा दिली. “मी खाली होणार नाही.”

टेकचंद मिस्त्रीला बोलावणे गेले. तो मोड्याच्या, म्हणजे गावाने काम बंद ठेवायच्या, दिवशीही दुकानात असतो, असा त्याचा लौकिक आहे. दुकानात तो काय करतो याविषयी मात्र कोणाला माहिती नाही. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागचे दोन्ही शॉकअप दाबून पाहिले आणि निदान सांगितले. शॉकअपच्या स्प्रिंगला घरे असतात. पान्याने ते कडे फिरवून सगळ्यात खालच्या घरात आणले की गाडी थोडी नरम होते. त्याने ते केले. गाडी नरम झाली, ठेंगणी झाली नाही. मग त्याने सांगितले की एका भंगारातल्या लुनाचे आखूड शॉकअप आपल्याकडे पडलेले आहेत. ते बसवले तर बैठक हातभर नाही तरी वीतभर नक्की खाली येईल. गाडी डबल स्टँडवर लावतो, मागचे चाक उचलतो, तासाभरात काम करतो. तोवर आईसाहेबांनी उतरावे.

इथे खेमराज गुरुजींनी कायद्याचा मुद्दा काढला. गाडीची मूळ घडण बदलणे म्हणजे परवानगीचा विषय आहे, परवानगी भंडाऱ्याला मिळते, आणि आज सुट्टी आहे. यावर ताराचंदने विचारले की परवानगी मंडईच्या आधी मिळेल काय. गुरुजी म्हणाले, कोणत्या वर्षीच्या मंडईच्या, ते आधी ठरवावे लागेल.

मी कायद्याला मान देते. परंतु कायदा रांगेत उभा असताना मंडई थांबत नाही. मी टेकचंदला काम सुरू करायला सांगितले आणि उतरायला नकार दिला.

हा नकार हट्टापायी नव्हता, तर शास्त्रापायी होता, आणि ते शास्त्र मी सासऱ्यांपासून शिकले आहे. मागाचा ताण रिकाम्या मागावर ठरवता येत नाही. आधी उभ्या सुताचा ताणा चढवायचा, वजन लटकवायचे, मग ताण पाहायचा. रिकाम्या मागावर जो ताण बरोबर वाटतो तो पहिल्या हातभर कापडातच दगा देतो. टेकचंदने गाडी रिकामी असताना खाली केली आणि मी बसल्यावर ती भलतीच कुठे गेली तर जबाबदार कोण? म्हणून जिच्यासाठी गाडी खाली करायची तिने गाडीवर बसलेले असावे. हे मी त्याला समजावून सांगितले.

टेकचंद म्हणाला, “आई, हे माग नव्हे जी. वजन असलं तं बोल्ट निंगत नाई.”

मी म्हणाले, “निंगते. तू पाना लाव.”

ज्या आवाजात मी हे म्हणाले त्या आवाजापुढे आमच्या घरी माझे पती, दोन दीर आणि एकदा जप्तीचा कारकूनही नमला होता. टेकचंदने पाना लावला.

मी वर असल्यामुळे गाडी स्टँडवर न चढता चाकांवरच उभी होती. उजवीकडचा शॉकअप निघाला. लुनाचा आखूड शॉकअप त्या जागी लागेना, कारण डावीकडचा लांबडा तसाच होता. म्हणजे डावीकडचाही काढणे भाग होते, आणि तो काढला की बैठक आणि चाक यांच्यामध्ये आधार म्हणून केवळ ईश्वर उरणार होता. तेव्हा गल्लीतले चार जण बैठकीच्या चार कोपऱ्यांना हात घालून उभे राहिले. मी वर. पदर डोक्यावर, हात मांडीवर. खरे सांगायचे तर ते दृश्य एखाद्या पालखीसारखे होते आणि मला ते मुळीच वाईट वाटत नव्हते. कार्तिकातले ऊन गल्लीत उतरले होते, कुणाच्या तरी घरून माग चालल्याचा खट-खट आवाज येत होता आणि मला एक क्षण वाटले, आपण अशाच तरंगत वैनगंगेवरून पलीकडे जाऊ.

त्याच क्षणी खेमराज गुरुजींचा फोन वाजला. तेही त्या चौघांत होते.

मी पडले, असे कोणीही म्हणू नये. मी खाली आले. अतिशय सावकाश, सुस्कारा टाकत, मडगार्ड चाकावर टेकेपर्यंत. उंट बसतो तेव्हा त्याच्यावरच्या स्वाराला जसे वाटत असेल तसे मला वाटले. माझे दोन्ही पाय जमिनीला लागले होते. चपलेसकट, संपूर्ण तळवे.

“बस,” मी म्हणाले. “इथेच. आता बोल्ट लाव.”

टेकचंदने लावले. आखूड शॉकअप त्या उंचीला असे चपखल बसले की तोही चकित झाला. मी उठले, बसले, पुन्हा उठले. आता गाडीवर बसणे म्हणजे पाटावर बसण्यासारखे झाले होते. साधनेने फोन कमरेला खोचला. धुरपता स्टूल घेऊन घरी गेली, आणि ज्या पद्धतीने गेली त्यावरून आमच्यात दोन-तीन दिवस अबोला राहणार हे कळले. काढलेले दोन्ही शॉकअप टेकचंद उचलू लागला, तेव्हा ते मी घरात ठेवून घेतले. भंगारवाल्यांच्या हाती चांगली वस्तू जाऊ देऊ नये.

निघेपर्यंत दुपार कलली. पवनीच्या वेशीबाहेर पडतो न पडतो तोच एका तरुण हवालदाराने हात केला. त्याने आधी माझ्या डोक्याकडे पाहिले, मग गाडीच्या मागच्या भागाकडे. डोक्यावर हेल्मेट नाही याचे उत्तर माझ्यापाशी होते, म्हणजे पदर होता. पण त्याला तो पुरेसा वाटला नाही. शेवटी ताराचंदने आपले हेल्मेट मला दिले. ते मी पदरावरून घातले आणि आता त्याच्या डोक्यावर टोपी तेवढी उरली, तेव्हा हवालदाराचा नवा पेच सुरू झाला. तो म्हणाला, नियम दोघांनाही आहे. मी म्हणाले, हेल्मेट एकच आहे, तेव्हा कोणाचे डोके वाचवायचे ते तूच ठरव आणि तसे मला लेखी दे.

त्याने विषय बदलला. “आजी, हे गाडी एवढी खाली काहून केली जी? कंपनीची अशी नाही राहत.”

आजी. मी त्याला विचारले की तुझ्या घरी मंडईला बहीण येते काय. तो म्हणाला, हाव, येते. परवाच आमच्या गावची झाली. मी विचारले, तिला आणायला कोण गेले होते. बहुधा त्याची ड्यूटी होती. त्याने रस्त्याकडे पाहिले, मग गाडीकडे, आणि म्हणाला, “हळू जा जी मामाजी. लय ब्रेकर हायेत.”

त्याची सूचना मैत्रीची होती, परंतु तिच्यातला अनर्थ आम्हाला पहिल्या गतिरोधकावर कळला. गाडी इतकी खाली आली होती की गतिरोधकावर तिचे पोट टेकले. पुढचे चाक पलीकडे, मागचे अलीकडे, आणि आम्ही मध्ये टांगलेले. उपाय एकच होता: मी उतरायचे, चालत पलीकडे जायचे, ताराचंदने रिकामी गाडी उचलून-ढकलून काढायची आणि मी पुन्हा बसायचे. बसणे सोपे झाले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण आमच्या भागातल्या प्रत्येक गावाला, प्रत्येक शाळेला, प्रत्येक देवळाला आणि ज्यांची सरकारदरबारी ओळख आहे अशा प्रत्येक घराला एक गतिरोधक आहे. माहेरची वाट मी त्या दिवशी अर्धी गाडीवर आणि अर्धी पायी कापली. एका शाळेपुढे मी हेल्मेट घालून रस्ता ओलांडत असताना मास्तरांनी मला नमस्कार केला; कोणत्या खात्याच्या समजले ते त्यांना ठाऊक.

गावे संपली तसा रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना धान पिकून वाकला होता. कुठे कापणी होऊन पेंढ्या पडल्या होत्या आणि त्यांचा कोमट, गोडसर वास रस्त्यावर येत होता. ताराचंदला गाडी पळवता येत नव्हती आणि मला पळवायची नव्हती. लुनाच्या त्या म्हाताऱ्या स्प्रिंगा आम्हाला हळूहळू झुलवत होत्या. मी इतकी खाली बसले होते की धानाच्या लोंब्या माझ्या डोळ्यांच्या रेषेत होत्या. उंच गाडीवरून शेत दिसते. बुटक्या गाडीवरून माणूस शेतातून जातो. दमणीत मी अशीच बसायची. आणि ताराचंद तेव्हासारखाच मागे न वळता बोलत होता, अर्धे वाऱ्याला, अर्धे मला. अमक्याची बोडी यंदा पाण्याने काठोकाठ भरली. तमक्याचा रेडा मेला. आई कापणीच्या दिवसांत न्याहारीला काय आणायची. मी हं-हं म्हणत होते. मध्येच तो हं म्हणत होता आणि बोलत मी होते. मध्येच दोघेही गप्प होतो आणि तरी बोलणे चालूच आहे असे वाटत होते. ऊन पिवळे झाले, मग तांबूस झाले. मोहाची झाडे आली. ती मला ओळखीची वाटली. वळण आले, तेही ओळखीचे. उतार लागला आणि मला इतके बरे वाटले की मी डोळे मिटले.

पायांना गार लागले तेव्हा मी ते उघडले.

समोर पाणी होते. नुसते पाणी, पलीकडच्या काठापर्यंत, आणि त्यात मावळतीचा रंग सांडलेला. डांबरी रस्ता सरळ आमच्या चाकाखालून त्या पाण्यात शिरत होता, जणू तो पुढे जायला मोकळा आहे. गाडीचे पुढचे चाक अर्धे बुडाले होते. ताराचंद दोन्ही पाय पाण्यात टेकून, हात हँडलवर ठेवून समोर बघत बसला होता.

आम्ही जुन्या आंबाबोडीला आलो होतो.

नव्या गावचा फाटा कधीच मागे गेला होता. तो त्यालाही दिसला नव्हता आणि मलाही नाही. चष्म्याच्या नंबराचा यात दोष नाही, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन उत्तम झालेले आहे. बहिणीला मागे बसवून माहेरी निघालेला माणूस माहेरीच गेला, एवढेच झाले. पाण्यातून एका वाळक्या झाडाचे शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. ते चिंचेचे असावे. चिंचेच्या पुढे आमची गल्ली.

बराच वेळ आम्ही त्या शेंड्यांकडे बघत राहिलो. गाडी मात्र बोलत होती. तिचा सायलेन्सर इतका खाली आला होता की पाण्यात बुडबुडे काढत होता, आणि थोड्या वेळाने तोही गप्प झाला.

“बाई,” ताराचंद म्हणाला, “कुंदनले नको सांगजो.”

तो हे हसत म्हणाला नाही. चूक कळली तर चाबी कायमची जाईल, हे त्याच्या आवाजात होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी आमराईतून पळताना तो धापा टाकायचा तशी त्याची पाठ हलत होती.

“काय सांगायचं हाय त्यात,” मी म्हणाले. “मीच म्हटलं होतं ना तुले, जुनं गाव दाखव म्हणून.”

मी तसे म्हटले नव्हते. परंतु मोठ्या बहिणीने एकदा म्हटले असे सांगितले की तिने ते म्हटलेले असते. आमच्याकडे हीच रीत आहे.

मासे धरून डोंगा वल्हवत परतणाऱ्या दोन ढिवर बंधूंनी आम्हाला पाहिले. त्यांनी गाडी काठावर ओढली, सायलेन्सरमधले पाणी काढले आणि किक मारमारून ती जागी केली. त्यांतल्या मोठ्याने जाता जाता विचारले की अशी बसकी गाडी कोणत्या कंपनीची. ताराचंद म्हणाला, आमच्या बाईने करून घेतली. त्यात जो अभिमान होता तो मी ऐकून घेतला.

आता सांज झाली होती. ताराचंदने दिवा लावला आणि आम्हाला आणखी एक शोध लागला. मागून बसकी झाल्यामुळे गाडीचे तोंड वर झाले होते. दिवा रस्त्यावर पडेना. तो झाडांच्या शेंड्यांवर पडू लागला. रस्ता काळोखात आणि वर सगळा उजेड. मोहाची पाने एकेक लखलखून विझत होती, झोपायला बसलेले बगळे माना उचलून पाहत होते, आणि एका पिंपळाखालून गेलो तेव्हा अख्खे झाड चांदीचे झाले. रस्ता दिसायला हवा, हे खरे. पण रस्त्याची आम्हाला तशी गरज नव्हती. ताराचंद माणूस चालतो त्या वेगाने रस्त्याच्या काठाकाठाने चालवत होता आणि मी हेल्मेट वर करून पाहत होते. आयुष्यभर या वाटेने जाऊन मला तिच्या वरची बाजू ठाऊक नव्हती.

नव्या आंबाबोडीच्या मंडईत आमच्याआधी आमचा उजेड पोचला. मांडवाच्या वरून, नाटकाच्या पडद्याच्या वरून, पाण्याच्या टाकीवर. लोक माना वर करून बघू लागले. कोणी म्हणाले, नाटक कंपनीचा फोकस आला. मग तो उजेड हलत हलत जवळ आला आणि त्याच्या खालून आम्ही निघालो.

गाडी थांबली. सगळ्यांच्या देखत, कोणाचाही हात न घेता, मी पाटावरून उठावे तशी उठले आणि निऱ्या झटकल्या. भज्यांच्या दुकानापासून दंडारीच्या मांडवापर्यंत सर्वांनी ते पाहिले. मी हेल्मेट उतरवले नाही, हे नंतर लक्षात आले.

कुंदनची बायको करुणा लेकीच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन आली. तिने वाकून पाहिले आणि थांबली. “आत्याबाई, तुमचे पाय तं पहिलेच ओले हायेत वो. चिखलही लागला.”

मी ताराचंदकडे पाहिले नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

“जुन्या घरचं पाणी हाय बेटा,” मी म्हणाले. “तू तुह्या घरचं घाल.”

करुणेने घातले. ती शहाणी मुलगी आहे. तिने पुढे काही विचारले नाही. कुंदनने मात्र वडिलांचा भिजलेला पायजमा पाहिला, गाडीचे चिखलाने भरलेले पोट पाहिले, हात पुढे केला आणि चाबी मागितली. ताराचंदने ती दिली. खिशातून काढून, मुलाच्या तळहातावर. मग तो मांडवाकडे निघून गेला आणि दंडार बघत उभा राहिला. पण दंडार डावीकडे चालली होती आणि तो उजवीकडे बघत होता.

मी जेवले, नाटकाची नांदी ऐकली, दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदनच्या कारने पवनीला परतले. परतताना कोण पोचवतो याला नियम नाही. वाटेत कुंदन रस्त्याच्या सुरक्षिततेवर बोलत होता आणि मी खिडकीतून गतिरोधक मोजण्याऐवजी विचार करत होते.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज अतिशय नम्र होता. त्याने सांगितले की गाडी काही चालत नाही. म्हणजे चालते, पण त्याने बसून गावात फेरी मारली तेव्हा गुडघे कानाला लागले आणि पोरे मागे धावली. विकायला काढली तर गिऱ्हाईक येते, बसते, आणि हसत उठून जाते. संध्याकाळी धानाच्या शेतावर जायचे तर दिवा झाडात लागतो. पवनीत येऊन टेकचंदला विचारले, तर तो म्हणाला की मूळचे शॉकअप तुमच्याकडे आहेत.

“हाव,” मी म्हणाले. “पेटीत हायेत. कुलपात.”

“मग मी आज येऊन घेऊन जातो ना जी.”

“तुह्या हाती नाही देत. तुह्या बाबाच्या गाडीचे हायेत. तो येईन तेव्हा त्याले देईन.”

“बाबा कधी येतीन?”

“मंडईले येते तो. मले न्यायले.”

कुंदन हिशेबी मुलगा आहे; तो हिशेब करत होता. कोणालाच नको असलेली, एकाच माणसाला आणि एकाच कामाला उपयोगी अशी एक बुटकी गाडी. मग त्याने अगदी खालच्या आवाजात विचारले, “तवरीक चाबी कोनापाशी ठेवू?”

फोनमध्ये त्याच्यामागे अंगणात कोणीतरी हसत होते, थांबून थांबून, खोकत, आणि तसे हसणारा त्या घरात एकच आहे.